केस काळे करून मुलाखतीला जा म्हणे!

एप्रिल-मे आला की जळगाव-धुळ्याच्या डीएड-बीएडवाल्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. दर वर्षी तोच, फक्त पाठवणारा बदलतो. चाळिशी ओलांडलेल्या उमेदवारांनी मुलाखतीला कसं जावं, याच्या सूचना. केस रंगवा. दाढी बारीक करा. बायोडाटावर जन्मतारीख अगदी शेवटी टाका, बीएडचं वर्ष लिहूच नका. आजवर नोकरी केलेल्या सगळ्या शाळा सांगू नका, शेवटच्या दोनच सांगा, नाहीतर "इतकी वर्षं कुणी कायम का केलं नाही" असं विचारतील. आणि विचारलंच, तर हसून सांगा की मनाने मी अजून पंचविशीतच आहे.

सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. त्यातले काही माझे मित्र आहेत, काहींनी मला बोलावून मार्गदर्शन शिबिरात बसवलं आहे. तरीही हा सल्ला अपमानास्पद आहे आणि निरुपयोगीही आहे. निरुपयोगी अशासाठी की फाइल उघडली की पहिल्याच पानावर दहावीचं प्रमाणपत्र असतं आणि त्यावर जन्मतारीख छापलेली असते. केसांना काय विचारता? (बरं, काळ्या खिजाबाबद्दल आपल्या उलमांमध्ये मतभेद आहेत, मेहंदीला मात्र हरकत नाही. म्हणजे दीनदार उमेदवाराने लाल केसांनी संस्थाचालकांसमोर बसावं काय?)

अपमानास्पद अशासाठी की वय झालं हा उमेदवाराचा गुन्हा आहे, असं गृहीत धरूनच तो सल्ला सुरू होतो. हा गुन्हा कुणाचा आहे, ते एकदा तारखा मांडून बघू.

१९८१ साली जन्मलेला एक माणूस घ्या. शेख म्हणा, सय्यद म्हणा, ज्याच्याकडे ओबीसीचा दाखला नाही असा. २००५ साली, चोविसाव्या वर्षी तो बीएड झाला. दोन-चार वर्षं इथे-तिथे तासिका केल्या. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, खोटी पटसंख्या उघडी पडली, शिक्षक अतिरिक्त ठरले आणि मे २०१२ मध्ये सरकारने नव्या शिक्षकभरतीवर बंदी घातली. पट कुणी फुगवला होता? संस्थाचालकांनी. भरती कुणाची थांबली? ज्याने तेव्हा नुकती एकतिशी गाठली होती, त्याची. २०१३ मध्ये टीईटी आली. त्याने तीही दिली. २०१४ मध्ये तो तेहतीस वर्षांचा झाला आणि खुल्या गटाची तेव्हाची वयोमर्यादा तेवढीच असल्याने सरकारच्या लेखी म्हातारा झाला. एप्रिल २०१६ मध्ये शासन निर्णय आला, खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. लगेच आमचा शेख पुन्हा तरुण! डिसेंबर २०१७ मध्ये पहिली अभियोग्यता चाचणी झाली, पवित्र पोर्टल आलं. त्या पोर्टलची पहिली निवडयादी लागायला २०१९ चा ऑगस्ट उजाडला. तोवर त्याची अडतिशी आली होती. मे २०२० मध्ये कोरोनाच्या नावाखाली वित्त विभागाने पुन्हा भरती थांबवली. दुसरी चाचणी झाली २०२३ मध्ये. त्या वर्षी सरकारने दोन वर्षांची सवलत दिली, खुल्या गटाला ४०. आमचा शेख तेव्हा बेचाळिशीच्या उंबरठ्यावर होता.

या सगळ्यात त्या माणसाने काय करायला हवं होतं, जे त्याने केलं नाही? परीक्षा निघाल्या तेव्हा दिल्या. निघाल्या नाहीत तेव्हा वाट पाहिली आणि वाट पाहताना शिकवत राहिला. आज त्याला समोर बसवून "इतने साल क्या करते रहे?" असं विचारणाऱ्याला लाज वाटत नसेल, तर त्याने केस रंगवून तरी काय होणार?

आता हे वाचा आणि तुम्हीच सांगा की वयाचा आक्षेप खरा आहे की नाही. जुलै २०२३ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षक कमी पडले, तेव्हा शालेय शिक्षण विभागाने निवृत्त शिक्षकांना कंत्राटावर घ्यायचा आदेश काढला. मानधन महिना २० हजार, वयोमर्यादा ७० वर्षं. सत्तर! म्हणजे बेचाळीस वर्षांचा माणूस वर्गात उभा राहायला म्हातारा आणि अडुसष्ट वर्षांचा चालतो. निवृत्त गुरुजींचा मला आदरच आहे, त्यांच्यातले कित्येक माझे उस्ताद आहेत. पण त्यांना पेन्शन मिळते. जो बाहेर उभा होता, त्याला काहीच मिळत नव्हतं आणि त्यालाच सांगितलं गेलं की तुझं वय झालं.

सरकारचं सोडा. सरकारला शिव्या घालणं आपल्याला छान जमतं, त्यात हिंमत लागत नाही. मला बोलायचं आहे ते आपल्या संस्थांबद्दल.

राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. त्या हक्कामुळे आपल्या उर्दू शाळांना पवित्र पोर्टलची यादी घ्यावी लागत नाही. इतर खासगी अनुदानित शाळांना पोर्टलवरून आलेल्या उमेदवारांतूनच निवड करावी लागते. आपल्याकडे जाहिरातही संस्थेची, मुलाखतही संस्थेची, निवडही संस्थेची. जळगावच्या मेहरुणपासून भुसावळ, रावेर, यावलपर्यंत आणि धुळ्याच्या आझादनगर, मौलवीगंजपर्यंत उर्दू शाळांचं जे जाळं आहे, ते या हक्कावर उभं आहे. अन्सारी, बागवान, पिंजारी, मन्यार, तडवी अशा सगळ्यांची पोरं तिथे शिकतात. यंत्रमागावर बसणाऱ्या बापांनी आठवड्याच्या मजुरीतून चंदा देऊन यातल्या कित्येक इमारती उभ्या केल्या आहेत. म्हणजे हा हक्क कौमचा आहे, सदर साहेबांच्या घराण्याचा नाही.

त्या हक्काचं मुलाखतीच्या खोलीत काय होतं? मी स्वतः ज्या खोल्यांत बसलो आहे, त्यातली एक सांगतो. धुळे जिल्ह्यातली एक संस्था, नाव लिहीत नाही. टेबलामागे सहा जण, त्यांतला शिक्षक एकच. मराठी विषयाची जागा होती. मराठीचा प्रश्न एकही आला नाही. माझी फाइल न उघडताच एक साहेब म्हणाले, "सर, तजुर्बा तो माशाअल्लाह बहोत है, लेकिन उमर थोडी ज्यादा हो गई." मग दुसरे म्हणाले की बाकीचं बाहेर अमुक साहेबांशी बोलून घ्या. ते 'बाकीचं' म्हणजे काय, हे खान्देशातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारा. आकडा मी इथे लिहीत नाही. वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो माझ्यापेक्षा अचूक ठाऊक आहे.

वयाच्या आक्षेपाचं गुपित त्या आकड्यातच आहे. अनुदानित शाळेच्या शिक्षकाचा पगार सरकारी तिजोरीतून येतो. शिक्षक पंचवीस वर्षांचा असो की पंचेचाळीस वर्षांचा, संस्थेचा एक रुपया कमी-जास्त होत नाही. मग संस्थेला त्याच्या वयाचं एवढं का पडलं आहे? कारण सरळ हिशेब आहे. पंचविशीतला उमेदवार लागला तर तेहतीस वर्षं पगार घेईल, म्हणून त्याचा बाप शेत विकून, सोसायटीचं कर्ज काढून रक्कम भरायला तयार होतो. पंचेचाळिशीतल्याला अठ्ठावन्नपर्यंत तेराच वर्षं मिळतात. त्यातली पहिली तीन शिक्षणसेवक म्हणून जातात, माध्यमिकला महिना १८ हजारांवर, तेसुद्धा जानेवारी २०२३ पासून. त्याआधी ८ हजार होते. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्याला जुनी पेन्शन नाही. एवढ्यात तो काय भरणार आणि काय फेडणार? शिवाय त्याच्याकडे विकायला शेतही उरलेलं नसतं. म्हणून त्याची 'उमर ज्यादा'. उमर हा पडदा आहे आणि केस रंगवणारा उमेदवार तो पडदा आपल्या हाताने धरून ठेवतो.

दुसरं कारणही आहे, ते कमी बोललं जातं. वीस वर्षं दारोदार फिरलेल्या शिक्षकाला नियम पाठ असतात. १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा, १९८१ ची नियमावली, वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव, नाशिकच्या उपसंचालक कार्यालयातून मिळणारा शालार्थ आयडी, सगळं त्याला ठाऊक असतं. तो कोऱ्या कागदावर सही करत नाही. सेक्रेटरी साहेबांच्या मुलीच्या लग्नात पंगत वाढायला सुट्टी काढत नाही. असा माणूस कुणाला हवा आहे?

याला एक उत्तर दिलं जातं, ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. म्हणतात, तरुण मुलांना संधी नको का? हवी. नुकत्याच बीएड झालेल्या पोरीने चांगला पाठ घेतला आणि माझ्यापेक्षा जास्त गुण मिळवले, तर ती जागा तिची. मी उठून तिला मुबारकबाद देईन. माझं भांडण तरुणांशी नाही. पाठच न घेता, फळ्यासमोर कुणालाही उभं न करता जी जागा ठरते, तिच्याशी आहे. आणि त्या तरुणांनीही ध्यानात ठेवावं की भरतीची गती हीच राहिली, तर पंधरा वर्षांनी त्या खुर्चीवर तेच बसलेले असतील.

बायकांचं तर विचारूच नका. आपल्याकडे बीएड झालेली मुलगी लग्नानंतर दहा-बारा वर्षं मुलांत, सासू-सासऱ्यांच्या दुखण्यात घालवते आणि मुलं मोठी झाली की पुन्हा पुस्तक हातात घेते. तिला मुलाखतीत विचारतात ते असं: शोहर काय करतात, मुलं किती, अजून होणार आहेत का, घरून इजाजत आहे का, पारोळ्याहून रोज ये-जा कशी करणार. पुरुष उमेदवाराला घरून इजाजत आहे का, असं विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. चार मुलांना घरी वाचायला शिकवलेल्या बाईला पहिलीच्या वर्गाबद्दल काही विचारावं, हे कुणाला सुचत नाही. जलशात मात्र हेच लोक हजरत खदीजा आणि हजरत आयशा यांच्यावर तासभर बोलतात. आणि पैगंबर साहेबांना (स.) नबुव्वत मिळाली ती वयाच्या चाळिसाव्या वर्षी, हेही तिथेच सांगतात. पहिला शब्द होता 'इकरा', वाच. चाळिशीनंतर शिकवण्याचं काम सुरू करता येतं, याला यापेक्षा मोठी सनद मुसलमानाला कुठून हवी?

तर मग जायचं कसं? मी सांगतो ते शिबिरात सांगतात त्याच्या उलट आहे.

वय पहिल्या मिनिटाला सांगा. "मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे, बीएड २००५ चं, तेव्हापासून इतक्या शाळांत शिकवलं." वय विचारण्याची संधीच समोरच्याला देऊ नका. लपवलेली गोष्ट तुमच्याविरुद्ध वापरता येते, सांगितलेली वापरायला त्यांना शोधाशोध करावी लागते. "इतकी वर्षं कायम का झाला नाहीत" असं विचारलं, तर मघाच्या तारखा तशाच्या तशा सांगा. आवाज न चढवता. २०१२, २०१७, २०२०. तुम्ही बोलता-बोलता समोरच्यांपैकी एखादा तरी नजर खाली घालेल.

सगळ्या शाळा लिहा, तासिकांसकट. अनुभवाचा दाखला मागितला की बऱ्याच संस्था टाळतात, कारण तो दिला की तुम्ही किती वर्षं तुटपुंज्या पैशांत राबलात याचा पुरावा होतो. म्हणून दाखल्याची वाट बघू नका. वेळापत्रकाची प्रत, तुमच्या सहीचे निकालपत्रक, स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेतलं नाव, जे असेल ते फाइलला लावा.

पाठ तयार करून जा आणि स्वतः मागा. "पाच मिनिटं फळा मिळेल का?" एवढंच विचारा. उर्दू शाळेत मराठी शिकवणाऱ्याकडे जे आहे, ते मार्गदर्शकात छापलेलं नसतं. आपल्या मुलाला 'कल' हा एकच शब्द ठाऊक असतो, मागचा दिवसही कल आणि पुढचाही कल. म्हणून तो लिहितो, "मी काल मामाकडे जाईन." त्याला काल आणि उद्या वेगळे कसे करून द्यायचे? 'खाली बसा' म्हटलं की तो रिकामी जागा शोधतो, कारण त्याच्या घरी खाली म्हणजे रिकामं. 'राग' म्हणजे त्याला गाणं वाटतं. आणि सगळ्यात अवघड ते नपुंसकलिंग. उर्दूत दोनच लिंगं. पाणी, पुस्तक, घर हे सगळं 'ते' कशासाठी, याचं उत्तर व्याकरणाचा नियम सांगून मिळत नाही. वर्गातल्या वस्तू एकेक उचलून, महिनाभर तोंडी घोकून घेऊन ते मुलाच्या जिभेवर बसवावं लागतं. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची आहे, दहावीला आपल्या मुलांना मराठीचा पेपर आहे, पुढे पोलीसभरतीपासून तलाठीपर्यंत सगळीकडे मराठी आहे. हे मूल कुठे अडखळतं ते ज्याला माहीत आहे, त्याने फळ्यावर 'काल' आणि 'उद्या' हे दोन शब्द लिहिले तरी त्याचं वय सार्थकी लागतं. रंगवलेल्या केसांतून हे दिसणार नाही.

आपल्यातल्या काहींना एक कडवट गोष्टही सांगायला हवी. तजुर्बा म्हणजे जुन्या वह्या नव्हेत. निपुण भारत काय आहे, दीक्षा अॅपवर उर्दू माध्यमाचं काय मिळतं, बालभारतीची आत्ताची पुस्तकं कशी आहेत, हे विचारलं आणि तुम्ही "हमारे जमाने में" सुरू केलंत, तर तुम्हाला नाकारणाऱ्याला मी दोष देणार नाही. टीईटी राहिली असेल तर ती आधी काढा. सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा उरलेल्या नोकरीतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ती पास व्हायला सांगितलं आहे. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला आहे, पण त्या भरवशावर बसून राहण्याइतका वेळ आपल्याकडे नाही.

आणि पैसे देऊ नका. रिश्वत देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार, हे मक्तबमधलं पोरही जाणतं. मी दुनियेच्या बाजूने बोलतो. २०१९-२० च्या टीईटीत पैसे देऊन पास झालेले सात हजारांहून जास्त उमेदवार पुणे पोलिसांनी शोधून काढले. परीक्षा परिषदेचा आयुक्त तुरुंगात गेला आणि प्रमाणपत्रं रद्द झाली. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडीचं प्रकरण फुटलं. दिलेल्या पैशाची पावती नसते. उद्या मान्यता अडकली, तर संस्था म्हणेल आम्ही ओळखतच नाही. तेव्हा तुम्ही पन्नाशीला आलेले असाल.

संस्थांकडून मागायचं ते फार नाही. जागा कुठली, अनुदानित की विनाअनुदानित, माध्यम कुठलं, विषय कुठला, हे जाहिरातीत स्पष्ट लिहा. मुलाखतीच्या टेबलावर त्या विषयाचे दोन शिक्षक बसवा, हवं तर दुसऱ्या शाळेचे. प्रत्येक उमेदवाराचा पाठ खऱ्या वर्गात, खऱ्या मुलांसमोर घ्या; मुलांना पाच मिनिटांत कळतं, तेवढं सहा पदाधिकाऱ्यांना तासाभरात कळत नाही. गुणांची यादी त्याच संध्याकाळी शाळेच्या फलकावर लावा, वयासकट. आणि जाहिरात कुणी वाचत नाही अशा पेपरच्या सातव्या पानावर छापून मोकळे होऊ नका. जुम्याच्या नमाजनंतर चंद्याचा ऐलान होतो, जलशाचा होतो, हरवलेल्या चाव्यांचाही होतो. त्या माइकवरून रिक्त जागेचाही ऐलान करा.